आधी भूक, मग शक्ती

व्हॅम्पायरचे पात्र घ्यायचे ठरले की टेबलाभोवती पहिला प्रश्न बहुधा एकच निघतो : "याला काय काय येतं?" वटवाघूळ होता येतं का, भिंतीवर सरपटत चढता येतं का, नुसत्या नजरेनं पहारेकऱ्याला गप्प बसवता येतं का? विचारणाऱ्याचा उत्साह खरा असतो आणि त्याला उत्तर मिळायलाच हवे. या पुस्तिकेत ते उत्तर अगदी शेवटच्या पायरीवर येते. त्याआधीच्या सगळ्या पायऱ्या दुसऱ्याच प्रश्नाभोवती आहेत : याला काय लागतं, आणि ते तो कोणाकडून घेतो? सोप्या नियमांचा खेळ बांधायचा म्हणजे पुष्कळ काही गाळावे लागते. मी काय गाळले आणि काय काही केल्या गाळू दिले नाही, हे वाचकाने नियमांकडे वळण्याआधी समजून घ्यावे, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

ज्यांनी असा भूमिका-खेळ कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो जागा, प्रसंग आणि वाटेत भेटणारी माणसे उभी करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते काय करते, काय बोलते ते सांगतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. पट नसतो, सोंगट्या नसतात, शेवटी कोणी जिंकत नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत छापून आला, तेव्हापासून या प्रकाराची पुस्तके निघू लागली.

खेळाडूच्या हाती व्हॅम्पायर देण्यातली अडचण त्या छापील पुस्तकाहूनही जुनी आहे. आर्नेसन मिनेसोटात आपल्या मित्रांबरोबर 'ब्लॅकमूर' नावाची मोहीम चालवत असत. त्यात एका खेळाडूचे पात्र व्हॅम्पायर झाले. सर फँग हे त्याचे नाव. ते पात्र इतके बलाढ्य होत गेले की बाकीच्यांना त्याच्यापुढे उभे राहणे कठीण झाले. मग त्याला आवर घालण्यासाठी व्हॅम्पायर-शिकाऱ्याच्या वळणाचा एक धर्मगुरू खेळात आणावा लागला. आज जगभर खेळला जाणारा 'क्लेरिक' हा पात्रप्रकार असा, एका डोईजड झालेल्या व्हॅम्पायरवरचा उतारा म्हणून जन्माला आला. मला ही हकीकत फार महत्त्वाची वाटते. पात्राला नुसती ताकद दिली आणि त्या ताकदीची किंमत दिली नाही, तर लगाम बाहेरून आणावा लागतो. लगाम पात्राच्या आतच असेल तर सूत्रधाराला शिकारी धाडावा लागत नाही आणि शेजारच्या खेळाडूचा विरसही होत नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षे या खेळांत व्हॅम्पायर शत्रूपक्षातच राहिला. तळघरात शवपेटी, तिच्यात तो, आणि त्याचा स्पर्श झाला की तुमच्या पात्राने मेहनतीने मिळवलेल्या पायऱ्या खाली घसरायच्या. १९८३ साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी 'रेव्हनलॉफ्ट' लिहिले. त्यातला काउंट स्ट्राड भावाच्या वधूवर जीव जडवून बसलेला, त्यापायी भावाचा खून केलेला. शत्रूच होता, पण त्याला पहिल्यांदा एक दुखणे मिळाले. खेळाडूंना तो मारायचा असे आणि त्याच वेळी समजूनही घ्यायचा असे.

खरे वळण आले १९९१ साली. मार्क राइन-हेगन यांचा 'व्हॅम्पायर : द मास्करेड' हा खेळ व्हाइट वुल्फ या अमेरिकी प्रकाशनाने काढला आणि शवपेटीतल्याला टेबलाच्या या बाजूला आणून बसवले. आता तुम्हीच व्हॅम्पायर. शहर आजचे, रात्र आजची, आणि आपण कोण आहोत हे माणसांना कळू द्यायचे नाही हा जमातीचा पहिला कायदा. दहा बाजूंचे फासे आणि पात्राच्या कागदावर भरायचे काळे ठिपके ही त्याची ओळख झाली. नऊ मूळ गुण. ते शरीर, समाज आणि बुद्धी अशा तीन गटांत, आणि त्यांवर वाटायचे ठिपके सात, पाच, तीन. मग क्षमतांची लांबलचक यादी. तिच्यावर तेरा, नऊ, पाच. अलौकिक शक्तींवर तीन, पार्श्वभूमीवर पाच, सद्गुणांवर सात आणि वर पंधरा मोकळे गुण. ज्यांनी तो कागद एकदा मनापासून भरला आहे त्यांना हे आकडे अजून पाठ असतात.

त्या कागदाच्या कडेला दोन छोट्या जागा होत्या आणि माझ्या मते सगळा खेळ त्या दोन जागांत होता. एक रक्ताचा साठा. दर रात्री डोळे उघडायलाच त्यातला एक खर्ची पडायचा. काही केले नाही, कोणाशी भांडलो नाही, नुसते उठलो, तरीही. दुसरी माणुसकी. दहापर्यंतचा एक आकडा, जो क्रूर कृत्यांनी उतरत जायचा, आणि शून्याला पोचला की पात्र खेळाडूच्या हातून सुटायचे. एका जागेतली पोकळी भरायला गेले की दुसरी रिकामी होण्याचा धोका, हा त्यातला ताण. २०१८ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीने हे आणखी धारदार केले. साठा काढून टाकला आणि भुकेचा आकडा आणला. भूक जितकी, तितके फासे वेगळ्या रंगाचे टाकायचे, आणि त्या फाशांवर वाईट आकडा पडला की तुमच्यातले जनावर मध्ये पडते. भूक पूर्ण शमवायची तर माणूस मरेपर्यंत प्यावे लागते. त्याहून कमी काही केले तर थोडी शिल्लक राहतेच. एवढ्या एका नियमात खेळाची सगळी नीती आली.

असा खेळ नवख्यांसाठी सोपा करायला घेतला की पहिली कात्री नेमकी याच दोन जागांवर चालते. शक्तींची यादी आकर्षक असते, ती राहते. कुळांची नावे राहतात. माणुसकीचा आकडा मात्र "थोडा अवघड आहे, नंतर बघू" म्हणून बाजूला पडतो आणि भूक 'रात्री एकदा प्यायला' इतक्या वाक्यात उरकली जाते. उरतो तो लांब कोटातला महाबली. तो छपरांवरून उड्या मारतो, दहा जणांना लोळवतो, आणि दोन बैठकींत कंटाळवाणा होतो. मी कात्री उलट्या बाजूने चालवली आहे. गुण नवावरून तीनवर आणले, शक्ती प्रत्येकी एकच ठेवली, कुळे पूर्ण काढली. भूक मात्र दर फाशाबरोबर टेबलावर येईल अशी व्यवस्था केली.

याला कारण केवळ खेळाचे नाही. व्हॅम्पायर ही कल्पना मुळात कुठून आली ते पाहिले तर तिच्या गाभ्याशी हेच सापडते.

अठराव्या शतकात उत्तर सर्बियाचा पट्टा काही काळ ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. तिथल्या खेड्यांतले लोक मेलेल्यांना उकरून त्यांच्या छातीत खुंटी ठोकतात, हे नव्या अधिकाऱ्यांच्या कानावर आले आणि त्यांनी शिरस्त्याप्रमाणे अहवाल लिहिले. १७२५ साली किसिलोवा गावात पीटर प्लोगोयोविट्स नावाचा शेतकरी वारला. पुढे आठ दिवसांत नऊ माणसे गेली, आणि मरण्यापूर्वी त्यांनी सांगितले की पीटर रात्री येऊन छातीवर बसला, त्याने गळा आवळला. त्याच्या बायकोचे म्हणणे निराळे होते. तो तिच्याकडे आला आणि त्याने आपले जोडे मागितले. ती गाव सोडून निघून गेली. ही एक ओळ मी कधी विसरू शकलेलो नाही. रक्त नाही, दात नाहीत. घरचा माणूस, रात्रीचा दारात, आणि मागतो काय तर आपलेच जोडे.

मेद्वेजा गावची हकीकत याहून सविस्तर आहे. अर्नॉल्ड पाओले हा सरहद्दीवरचा हायदुक, म्हणजे तिथला हत्यारबंद शिपाईगडी. तो सांगत असे की कोसोवोकडे असताना एका व्हॅम्पायरने त्याला छळले होते आणि त्यावर उपाय म्हणून त्याने त्याच्या थडग्यातली माती खाल्ली, त्याचे रक्त अंगाला फासले. पुढे गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून तो मेला. महिनाभरात लोक तक्रार करू लागले. चाळीस दिवसांनी त्याला उकरले तेव्हा देह सडलेला नव्हता, नाकातोंडातून ताजे रक्त आलेले होते. खुंटी मारली, जाळला. पाच-एक वर्षांनी गावात पुन्हा माणसे मरू लागली, तीन महिन्यांत सतरा. स्टानोइस्का नावाची वीस वर्षांची सून रात्री किंचाळत उठली : काही आठवड्यांपूर्वी वारलेल्या, त्याच गावच्या एका तरुणाने तिचा गळा दाबला होता. तीन दिवसांत ती गेली. जानेवारी १७३२ मध्ये लष्करी शल्यवैद्य योहान फ्ल्यूकिंगर आणि त्यांचे सहकारी गावात पोचले. त्यांनी थडगी उघडली, एकेक प्रेत तपासले, नाव, वय, मरणाचे कारण आणि देहाची अवस्था लिहून घेतली आणि खाली सह्या केल्या. हा अहवाल युरोपभर छापला गेला. व्हॅम्पायर हा शब्द पश्चिमेकडच्या दिवाणखान्यांत पोचला तो बऱ्याच अंशी त्याच्यामुळे.

आज आपल्याला ठाऊक आहे की थंडीच्या दिवसांत जमिनीखाली देह सावकाश कुजतो, पोटातल्या वायूंनी फुगतो, दाबामुळे तोंडातून गडद पातळ द्रव बाहेर येतो, वरची कातडी आणि नखे सुटून खाली 'नवी' दिसतात. पॉल बार्बर यांनी १९८८ साली या विषयावर पूर्ण पुस्तक लिहून एकेका खुणेचा उलगडा केला आहे. सम्राज्ञी मारिया टेरेसा यांनीही १७५५ साली आपले वैद्य गेरार्ड फान स्वीटन यांच्या सल्ल्यावरून असे उकरणे-जाळणे बंद केले. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. या अहवालांतला व्हॅम्पायर सरदार नाही, देखणा तर नाहीच. तो लालबुंद, फुगलेला, मळक्या कफनातला गावकरी आहे आणि तो परक्यांकडे जात नाही. आधी बायको, मग भाऊबंद, मग शेजारी. ज्यांच्यावर त्याचा जिवंतपणी हक्क होता त्यांच्याकडेच तो मेल्यावर हक्काने येतो. भूक आणि नाते ही दोन इथे वेगळी काढताच येत नाहीत.

साहित्याने त्याला कपडे चढवले. बायरनचे डॉक्टर जॉन पोलिडोरी यांची 'द व्हॅम्पायर' ही गोष्ट १८१९ साली, तीही बायरनच्याच नावावर, छापली गेली आणि खेडूत एकदम लॉर्ड झाला. शेरिडन ले फानू यांच्या 'कार्मिला'त तो मैत्रीण होऊन आला, १८७२ साली. ब्रॅम स्टोकर यांचा 'ड्रॅक्युला' १८९७ चा. नियम लिहिणाऱ्याला त्याच्याइतके उपयोगी पुस्तक दुसरे नाही, कारण स्टोकरनी आपल्या काउंटला बेड्या किती घातल्या आहेत ते बघावे. बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. वाहते पाणी मनाला येईल तेव्हा पार करता येत नाही, भरती-ओहोटीच्या ठरावीक वेळा पाळाव्या लागतात. निजायला मायदेशची माती लागते, म्हणून बिचारा पन्नास पेट्या माती जहाजातून इंग्लंडला नेतो. दिवसा तो हिंडतो, फक्त त्याची शक्ती चालत नाही. उन्हाने त्याची राख होत नाही. ती कल्पना १९२२ च्या 'नोस्फेराटू' या मुर्नाव यांच्या चित्रपटाने रुजवली. पुढे १९७६ साली ॲन राइस यांनी 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये त्यालाच बोलते केले, आणि तो आपली लाज, आपला एकटेपणा स्वतः सांगू लागला. राइस नसत्या तर १९९१ चा खेळ झाला असता असे मला वाटत नाही.

मराठी वाचकाला नारायण धारपांच्या 'लुचाई'मुळे रक्तपिपासू अनोळखी नाही. तरी या खेळाचा विषय निघाला की कोणीतरी विचारतेच : आपला वेताळ असताना हा परका कशाला? वेताळ जरूर खेळात आणावा, पण त्याच्यासाठी नियम वेगळे लागतील. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार आहे. तो रात्री शिवेवर फेरी मारतो, चालून चालून त्याची पायताणे झिजतात म्हणून भक्त त्याला नवी अर्पण करतात. किसिलोवाचा पीटरही जोडे मागायलाच आला होता, पण त्याला ते द्यायला कोणी तयार नव्हते, आणि तो राखायला नव्हे तर न्यायला आला होता. एकाला गाव पूजते, दुसऱ्याला उकरते. दोघांना एकाच साच्यात कोंबले तर दोघांचेही नुकसान होईल. वेताळाचे पात्र करायचे तर त्याच्या पत्रिकेवर भुकेऐवजी शीव आणि मान असायला हवेत. ते काम मोठे आहे आणि त्याला स्वतंत्र पुस्तिका हवी.

आता खेळाकडे. पात्र घडवायला एक कागद, सहा बाजूंचे तीन पांढरे फासे आणि एक लाल फासा पुरतो.

सुरुवात तीन ओळींनी होते. पात्र जिवंत असतानाच्या तीन गोष्टी, प्रत्येकी एका वाक्यात. त्यांतली एक ओळ अशा माणसाबद्दल हवी जो अजून जिवंत आहे. ही कल्पना मला टिम हचिंग्ज यांच्या 'थाउजंड इयर ओल्ड व्हॅम्पायर' या एकट्याने खेळायच्या सुंदर खेळावरून सुचली. त्यात व्हॅम्पायरला मोजक्याच आठवणी जपता येतात. नवी आली की जुनी खोडावी लागते. माझ्या खेळात ओळी आपोआप खोडल्या जात नाहीत, त्या किंमत म्हणून द्याव्या लागतात.

मग गुण तीनच : देह, वाणी, मन. एकाला तीन, एकाला दोन, एकाला एक. अवघड काम करताना त्या गुणाइतके पांढरे फासे टाकायचे. एकावर जरी पाच किंवा सहा पडले तरी काम झाले. हिशेब सांगून ठेवतो. एका फाशाने शंभरात तेहतीस वेळा जमते, दोनांनी सुमारे छप्पन, तिन्हींनी सत्तर. म्हणजे सर्वांत भक्कम बाजूही तीन-साडेतीन वेळांत एकदा दगा देते, आणि सर्वांत लंगडी बाजूही अगदीच निकामी नसते.

प्रत्येक वेळी सोबत लाल फासाही टाकायचा. भूक एकपासून पाचपर्यंत असते, सुरुवातीला दोन, आणि दर संध्याकाळी उठताना एकाने वाढते. लाल फाशावर भुकेइतका किंवा त्याहून कमी आकडा पडला तर भूक मध्ये पडते. झालेले काम झालेलेच राहते, फसलेले फसलेलेच. पण भुकेने त्या क्षणी आणखी काहीतरी केलेले असते, आणि ते काय हे खेळाडूने स्वतःच सांगायचे. सूत्रधाराने सांगायचे नाही. या अटीवर मी ठाम आहे. दुसऱ्याने लादलेली क्रूरता माणूस झटकून टाकतो, स्वतःच्या तोंडून निघालेली टाकता येत नाही. झोपलेल्याचे किंवा राजी असलेल्याचे थोडे प्यायले तर भूक एकाने उतरते. जीव जाईपर्यंत प्यायले तर थेट एकवर येते, पण कागदावरची एक ओळ खोडावी लागते. तिसरी ओळ खोडली की कागद सूत्रधाराला द्यायचा. भूक पाच असताना पुन्हा वाढायची वेळ आली तर जवळ जो असेल त्याच्यावर पात्र झडप घालते.

यानंतर एक बंधन, लोककथांतून उचललेले. निमंत्रणाशिवाय प्रवेश नाही, वाहते पाणी ओलांडता येत नाही, जन्मगावची माती उशाला हवी, सांडलेले धान्य मोजून संपवल्याखेरीज पुढे जाता येत नाही. अशांतले एकच निवडायचे, पण ते कसोशीने पाळायचे. आणि एक शपथ : भूक कितीही असो, मी हे करणार नाही. बंधन मोडताच येत नाही. शपथ मोडता येते, आणि मोडली तरीही एक ओळ जाते. सगळ्यात शेवटी एक शक्ती, जी पहिल्या तीन ओळींपैकी कशातून तरी उगवलेली असावी. ती वापरली की भूक एकाने वाढते.

एक पात्र इथेच घडवून दाखवतो. मेद्वेजा आपल्या ओळखीचे झालेच आहे, तर तिथलेच घेऊ. माणूस मात्र पूर्ण काल्पनिक. स्टोयान, शल्यवैद्यांच्या पथकाबरोबर आलेला दुभाष्या. गावकऱ्यांचे सर्बियन बोलणे तो जर्मनमध्ये आणि वैद्यांचे जर्मन बोलणे सर्बियनमध्ये सांगायचा. पहिली ओळ : गावकऱ्यांनी व्हॅम्पायरांच्या यादीत माझ्या मेलेल्या भावाचे नाव घेतले, ते मी जर्मनमध्ये सांगितलेच नाही. दुसरी : माझी बहीण येलेना चुलीपाशी बसून मला वाचायला लावायची, तिला स्वतःला वाचता येत नाही, ती जिवंत आहे. तिसरी : फौजेबरोबर असताना मी कोणाच्याही घरात न विचारता शिरलो आहे. न उकरलेला भाऊ एका रात्री आला, आणि स्टोयानचे जे व्हायचे ते झाले. वाणी तीन, मन दोन, देह एक. बंधन निमंत्रणाचे, ज्या उंबऱ्यांवरून तो शिपायांच्या बळावर आत जायचा, तिथे आता त्याला ताटकळत उभे राहावे लागेल. शपथ : ज्याची साक्ष मी सांगितली त्याला हात लावणार नाही. एवढ्याशा गावात ही शपथ भारी पडते, कारण साक्ष न दिलेले घर सापडणे मुश्किल. शक्ती : ज्या ज्या माणसाचे बोलणे त्याने भाषांतरित केले, त्याचा हुबेहूब आवाज त्याला काढता येतो.

पहिल्या रात्री उठताना भूक दोनाची तीन होते. वैद्यांच्या पथकाने घरोघरच्या साक्षींची कच्ची टिपणे ज्या घरात ठेवली आहेत तिथे स्टोयानला जायचे आहे, भावाचे नाव त्यांत कुठे राहून गेले आहे का ते बघायला. दाराशी तो मुख्य वैद्याच्या आवाजात आतल्या शिपायाला हाक मारतो. शक्ती वापरली म्हणून भूक चार. पांढरे तीन फासे पडतात दोन, चार, पाच. जमले, आतून आवाज येतो, "या साहेब, आत या." निमंत्रण मिळाले. पण लाल फाशावर तीन आहे. सूत्रधार खेळाडूकडे बघतो आणि थांबतो. खेळाडू म्हणतो, स्टोयान आत आला आणि त्याच्या लक्षात आले की आपण टिपणांकडे बघतच नाही आहोत, शिपायाच्या कॉलरपाशी उडणाऱ्या शिरेकडे बघतो आहोत. शिपाई वळला तेव्हा त्याला वैद्य दिसला नाही, स्टोयान दिसला, आणि तो ओरडला. आता गावात बातमी फुटेल. शिपायाने साक्ष दिलेली नाही, म्हणजे शपथ आड येत नाही. प्यायचे का, आणि किती, हे खेळाडूने ठरवायचे. मोठा कागद, वीस गुण आणि बारा शक्ती असत्या तर या दाराशी यायला कितीतरी वेळ लागला असता. इथे पात्र घडून अर्धा तासही झालेला नाही.

खेळ सोपा असला तरी विषय हलका नाही. कोणाच्या तरी शरीरातून त्याच्या मनाविरुद्ध काहीतरी घेणे हा व्हॅम्पायरचा रोजचा व्यवहार आहे, आणि टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणाला त्यातली कोणती बाजू जिव्हारी लागेल हे बाहेरून कळत नाही. म्हणून सुरुवातीला प्रत्येकाने नको असलेल्या गोष्टी सांगाव्यात; लहान मुले, आजारी माणसे, बंद खोलीतली जबरदस्ती, जे असेल ते. कारण विचारू नये. शिवाय जॉन स्टाव्हरोपुलोस यांनी सुचवलेले एक्स-कार्ड टेबलाच्या मध्यभागी ठेवावे : कागदाच्या तुकड्यावर फुली काढायची, आणि कोणीही त्यावर बोट ठेवले की चालू प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचे. शाळकरी मुलांबरोबर खेळताना मरेपर्यंत पिण्याचा नियम काढून टाकला तरी चालेल. मग ओळ फक्त शपथ मोडल्यावर जाईल. भूक मात्र त्यांच्या खेळातही ठेवावी, मुलांना ती मोठ्यांपेक्षा लवकर कळते.

सूत्रधारांसाठी एवढेच. व्हॅम्पायरांच्या गुप्त सभा, त्यांचे राजे, हजार वर्षांची वैरे यांची तयारी करत बसू नका. पहिल्या बैठकीत त्यातले काही लागत नाही. प्रत्येक खेळाडूच्या कागदावरची जिवंत माणसाची ओळ वाचा, त्या माणसाला नाव, वय आणि आज रात्रीचे एक काम द्या. स्टोयानच्या बाबतीत येलेनाला एक पत्र आले आहे आणि ते वाचून दाखवायला घरात कोणी नाही. ती दार उघडून त्याला आत बोलावते, तेव्हा त्याची भूक किती आहे ते विचारा आणि फासे त्याच्या हातात द्या.